शिकागोची काच: चाळीस वर्षांची मोजणी आणि पाच सेंटिमीटरवरचे ठिपके

५ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी शिकागोतल्या मॅकॉर्मिक प्लेस या प्रदर्शन-संकुलाच्या एका इमारतीखाली जवळपास हजार मेलेले पक्षी गोळा झाले. बहुतेक मुठीत मावतील एवढे, दहा-बारा ग्रॅमचे. एरवी हंगामातही इथे रोज शून्यापासून पंधरापर्यंत पक्षी सापडत. पुढच्या वर्षी, २०२४ च्या शरदात, त्याच भिंतींखालचा आकडा आधीच्या हंगामांच्या तुलनेत सुमारे ९५ टक्क्यांनी खाली आला.

मधल्या काळात केलं काय, तर काचेवर ठिपके लावले. एवढंच. पण दिवे बंद ठेवण्याचा फुकटातला उपाय समोर असताना ठिपक्यांवर बारा लाख डॉलर का घालायचे, आणि ते घातल्यावर फरक खरंच पडला की त्या वर्षी पक्षीच कमी आले, या दोन प्रश्नांना नुसत्या कळकळीने उत्तर देता येत नाही. उत्तर देता आलं, कारण त्या भिंतींखाली १९७८ पासून कुणीतरी रोज पहाटे मोजत होतं.

इमारत कुठे आहे, हेच निम्मं कारण

ही इमारत म्हणजे लेकसाइड सेंटर, संकुलातली सर्वांत जुनी. आधीची १९६७ च्या आगीत जळाली, ही १९७१ मध्ये उभी राहिली. ती उंच नाही. बसकी, लांबलचक, पुढे आलेल्या पसरट छपराची आणि चहूबाजूंनी काचेची आहे. पक्षी धडकतात ते गगनचुंबी इमारतींवर, हा समज इथे मोडतो.

ती उभी आहे मिशिगन सरोवराच्या अगदी काठावर. हे सरोवर उत्तर-दक्षिण पाचशेएक किलोमीटर लांब आहे. कॅनडाच्या जंगलांतून दक्षिणेकडे निघालेले छोटे पक्षी रात्री उडतात आणि दिवसा खाऊन-पिऊन विसावतात. उजाडताना जे पाण्यावर असतात ते जवळच्या काठाकडे वळतात, आणि काठावर पहिल्यांदा समोर येते ती ही इमारत. शेजारीच पक्ष्यांसाठी राखलेला गवताळ-झाडोऱ्याचा तुकडाही आहे. थकलेल्या पक्ष्याला बोलावणारी झाडी आणि त्या झाडीचं प्रतिबिंब दाखवणारी काच, दोन्ही हाकेच्या अंतरावर.

धडक बसते ती दोन टप्प्यांत. रात्री उजेड पक्ष्यांना खाली ओढतो. ढग खाली आले असतील, पाऊस किंवा धुकं असेल तर जास्तच. बरेच छोटे पक्षी रात्री उडताना एकमेकांना बारीक आवाज देत जातात. शिकागो आणि क्लीव्हलंडच्या नोंदींवरून २०१९ मध्ये दिसून आलं, की असा आवाज देणाऱ्या जाती इमारतींवर जास्त धडकतात. उजेडाने गोंधळलेला एक ओरडतो आणि वरून जाणारे त्याच्या आवाजावर खाली येतात, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. दुसरा टप्पा पहाटेचा. आता पक्षी झाडीच्या शोधात खाली, वेगात उडत असतात. काचेत आकाश दिसतं, झाड दिसतं, किंवा आरपार पलीकडचा उजेड दिसतो. काच ‘दिसत’ नाही. माणसालाही ती दिसत नाही. चौकट, दांडा, फरशीवरची चटई यांवरून आपण ती ओळखायला शिकलेलो असतो. पक्ष्याकडे ही शिकवणी नाही.

मरणाऱ्यांत सर्वांत पुढे व्हाइट-थ्रोटेड स्पॅरो, जुंको, सॉन्ग स्पॅरो ही मंडळी. नावात स्पॅरो असलं तरी आपल्या घरचिमणीशी यांचं नातं लांबचं. त्यांच्यामागे अमेरिकन वॉर्बलर आणि कस्तूर गटातले पक्षी. कबुतरं, कावळे, समुद्रपक्षी जवळपास नाहीत. म्हणजे शहरात कायम राहणारे फारसे मरत नाहीत, मरतात ते वाटसरू.

मोजणी

फील्ड म्युझियम हे निसर्गेतिहासाचं संग्रहालय तिथून जेमतेम दीड किलोमीटरवर. तिथल्या पक्षीसंग्रहाचे तेव्हाचे व्यवस्थापक डेव्हिड विलार्ड यांच्या कानावर १९७८ मध्ये सहज आलं, की मॅकॉर्मिक प्लेसला पक्षी धडकतात. ते बघायला गेले, काही पक्षी सापडले. मग वसंतात आणि शरदात, दोन्ही स्थलांतरांच्या काळात, पहाटेची फेरी सुरू झाली. पुढे सहकारी आणि स्वयंसेवक येत गेले. या एका इमारतीचे ४०,००० हून जास्त पक्षी संग्रहालयात जमा झाले आहेत.

फेरीची पद्धत साधी आहे, आणि साधी आहे म्हणूनच चार दशकं टिकली. तीच वाट, तीच वेळ, तीच भिंत. पक्षी उचलायचा, पिशवीत घालायचा, तारीख आणि जागा लिहायची. संग्रहालयात नेऊन गोठवायचा, नंतर जात, वय, नर-मादी ठरवायची. पंख, चोच आणि पायाचं टार्सस हे हाड कॅलिपरने मोजायचं, वजन करायचं, वहीत हाताने लिहायचं. यातले बरेच पक्षी नंतर सांगाड्याच्या रूपात ठेवले जातात. मांस साफ करायचं काम संग्रहालयातले डर्मेस्टिड भुंगेरे करतात. एकाच माणसाने एकाच पद्धतीने मोजल्याचा फायदा पुढे दिसला. ही इमारत आणि शिकागोतल्या इतर इमारती मिळून ५२ जातींच्या ७०,७१६ पक्ष्यांची मापं तपासल्यावर कळलं, की १९७८ ते २०१६ या काळात टार्सस २.४ टक्के आखूड झालं, तर पंख १.३ टक्के लांबले. तापत्या उन्हाळ्यांबरोबर पक्षी आकाराने लहान होत चालल्याचा हा मोठा पुरावा, आणि तो आला काचेवर आपटून मेलेल्या पक्ष्यांमधून.

इथे अशा मोजणीत हमखास होणाऱ्या चुकांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बहुतेक नागरिक-मोजण्या याच जागी फसतात.

पहिली चूक: पक्षी सापडला तरच नोंद करणं. ‘आज शून्य’ हीसुद्धा नोंदच आहे. शून्याचे दिवस गाळले की सरासरी फुगते आणि उपाय केल्यानंतरची घट मोजता येत नाही. दुसरी: वेळ ढळणं. उजाडलं की गल (कुरव), कावळे, मांजरं आणि झाडूवाले कामाला लागतात. दोन तास उशिरा गेलेल्या माणसाला निम्मेच पक्षी मिळाले तर ती घट पक्ष्यांची नव्हे, उशिराची. तिसरी: पायाखालचा पट्टाच बदलणं. आज भिंतीपासून दोन मीटर, उद्या पाच मीटर पाहिलं तर दोन आकडे शेजारी ठेवता येत नाहीत. एवढं सगळं सांभाळूनही हा आकडा कमीत कमी इतके मेले एवढंच सांगतो. धडकून थोडं पुढे उडालेला आणि झुडपात जाऊन मेलेला पक्षी कुणाच्याच वहीत येत नाही.

आणि मग ती नोंद, जिने सगळं प्रकरण फिरवलं. २००० पासून विलार्ड पक्ष्यांसोबत हेही लिहू लागले, की काचेच्या कुठल्या भागात आत दिवे चालू होते आणि कुठे बंद. यासाठी पैसा लागला नाही, फक्त एक रकाना जास्त लागला.

उजेडाचा हिशेब

प्रदर्शनकेंद्रात दिवे कधी लागतात? तिथे काही चालू असेल तेव्हा. मांडामांड, उद्‌घाटन, आवराआवर. म्हणजे कुठल्या रात्री किती काच उजळणार हे प्रदर्शनांचं वेळापत्रक ठरवतं. पक्ष्यांच्या येण्याशी त्याचा संबंध नाही. न ठरवता वर्षानुवर्षं एक प्रयोगच चालू होता, आणि त्याची नोंद विलार्डांच्या वहीत होती.

२०२१ मध्ये २१ वर्षांच्या या नोंदी हवामान-रडारशी जोडल्या गेल्या. पाऊस मोजणारं हे रडार उडणारे पक्षीही टिपतं, त्यामुळे अमुक रात्री आकाशात किती पक्षी होते याचा अंदाज मिळतो. हा अंदाज नसेल तर हिशेब कच्चाच: दिवे बंद असलेल्या रात्री कमी पक्षी मेले हे खरं, पण त्या रात्री उडतच कमी होते का? रडारने ही शंका मिटवली. पक्ष्यांची संख्या आणि वारा हिशेबात धरल्यावरही उजळलेल्या काचेचं क्षेत्रफळ ठळकपणे उरलं. सगळ्या खिडक्या उजळलेल्या रात्रींपेक्षा निम्म्या अंधाऱ्या रात्रींना धडका वसंतात ११ पट आणि शरदात ६ पट कमी होत्या. उजेड आजवरच्या किमान पातळीवर ठेवला तर मृत्यू सुमारे ६० टक्क्यांनी घटावेत, असा अंदाज निघाला.

साठ टक्के म्हणजे पुष्कळ. मग दिवे बंद केले की झालं की!

इथेच ५ ऑक्टोबर आडवा येतो. संकुल दिवे बंद ठेवण्याच्या शहरव्यापी मोहिमेत आधीपासून होतं, पण एका सवलतीसह: आत माणसं कामाला असतील तर दिवे लागणार. त्या आठवड्यात इमारतीत कार्यक्रम होता. त्याआधीचे काही दिवस वारा दक्षिणेकडून होता, म्हणजे दक्षिणेला निघालेल्या पक्ष्यांच्या तोंडावर. उत्तरेत पक्षी खोळंबून राहिले. ४ तारखेच्या रात्री थंड हवेची आघाडी आली, वारा उत्तरेचा झाला, आणि साचलेले पक्षी एकदम सुटले. बर्डकास्ट या रडार-प्रकल्पाच्या अंदाजानुसार शिकागो ज्यात येतं त्या कुक काउंटीच्या आकाशात त्या रात्री सुमारे १५ लाख पक्षी होते. पहाटे पाऊस. खाली आलेल्या पक्ष्यांना सरोवराकाठी उजळलेली काच मिळाली. पाम वॉर्बलर आणि यलो-रम्प्ड वॉर्बलर सर्वांत जास्त मेले. चाळीस वर्षांत एका सकाळी एवढे कधीच सापडले नव्हते.

दिव्यांच्या उपायातली अडचण या एका रात्रीने उघड झाली. वर्षाचे सगळे पक्षी सारखे वाटून येत नाहीत. मोजक्याच रात्री त्यातला मोठा हिस्सा जातो. अशा एका रात्री कार्यक्रम असला की हंगामभराची बचत पाण्यात. शिवाय उजाडल्यानंतरच्या धडका दिव्याने थांबत नाहीत, कारण तेव्हा फसवतं ते प्रतिबिंब. दिवा रोज रात्री कुणीतरी आठवणीने बंद करावा लागतो. काच एकदा बदलली की तिला कुणाची आठवण लागत नाही.

ठिपके

पडदे ओढून घेणं हा तात्पुरता उपाय झाला. कायमचं काम २०२४ च्या उन्हाळ्यात झालं आणि शरदाचं स्थलांतर भरात येण्याआधी संपलं. सुमारे १,२०,००० चौरस फूट काचेवर बाहेरून बारीक ठिपक्यांची फिल्म बसली. खर्च सुमारे १२ लाख डॉलर, म्हणजे चौरस फुटाला दहा डॉलरच्या आसपास. पाच सेंटिमीटरच्या जाळीने मोजलं तर ठिपके ४४ लाखांच्या घरात जातात. आतून पाहणाऱ्याला चार पावलं मागे गेल्यावर ते जाणवतही नाहीत.

पाच सेंटिमीटर का? पेन्सिल्वेनियातले डॅनियल क्लेम १९७० च्या दशकापासून काच आणि पक्षी हाच विषय घेऊन बसले आहेत. त्यांच्या आणि नंतरच्या चाचण्यांमधून निघालेली गोष्ट अशी, की पक्षी दोन खुणांमधली जागा ‘यातून मी जाऊ शकतो का’ अशी जोखतो. उभ्या पट्ट्या दहा सेंटिमीटरवर किंवा आडव्या पाच सेंटिमीटरवर असतील तर बहुतेक पक्षी वळतात. गुंजनपक्षी आणि किंगलेटसारखे चिमुकले मात्र दहातूनही घुसू पाहतात. म्हणून आता दोन्ही दिशांनी पाच. ठिपक्याचा व्यास निदान सहा मिलिमीटर हवा आणि तो काचेतल्या प्रतिबिंबावर उठून दिसायला हवा.

काचेवर ससाण्याचं एखादं काळं चित्र चिकटवण्याची पद्धत जगभर आहे, आणि ती जवळपास निरुपयोगी आहे. पक्षी चित्रातल्या ससाण्याला घाबरत नाही, तो चित्राच्या बाजूने जातो आणि शेजारच्या मोकळ्या काचेवर आपटतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे फिल्म आतून लावणं. साफ करायला सोपी आणि टिकते म्हणून आतून लावतात. पण प्रतिबिंब पडतं बाहेरच्या पृष्ठभागावर, आतला ठिपका त्याच्यामागे लपतो. बाहेरच लावायची. काच आधी साबणपाण्याने धुऊन, सिलिकोनचे डाग खरवडून, पूर्ण कोरडी करून. ओल राहिली की ठिपके सुटतात. एका जागचे पाच-सहा सुटले तरी तेवढ्यात भोक तयार होतं.

न्यूयॉर्कच्या जेव्हिट्स सेंटरने नूतनीकरणात काचच बदलून नक्षीची बसवली, ते काम २०१४ मध्ये संपलं, आणि तिथेही मृत्यू सुमारे ९० टक्क्यांनी घटले. शिकागोचं वेगळेपण असं, की जुनी काच न काढता, आणि आधी-नंतरच्या सलग मोजणीसह, हे दाखवता आलं.

शहराच्या मध्यभागाचं काम मात्र वेगळ्या माणसांकडे आहे. शिकागो बर्ड कोलिजन मॉनिटर्स हा स्वयंसेवकांचा गट २००३ पासून हंगामात पहाटे रस्ते पालथे घालतो. जिवंत पक्षी कागदी पिशवीत: आत अंधार असतो, हवा खेळते, पंख घासत नाहीत, आणि पिशवी नंतर टाकून देता येते. जखमी पक्षी उपचारकेंद्रात जातात, मेलेले फील्ड म्युझियममध्ये. स्थलांतरी पक्षी जवळ बाळगायला १९१८ च्या कायद्याखाली परवाना लागतो, तो गटाकडे आहे. तिथे शेकडो मालकांच्या शेकडो इमारती आहेत. एका संकुलाने एका उन्हाळ्यात जे केलं ते तिथे इमारतीगणिक पटवावं लागतं.

पुण्या-मुंबईच्या खिडकीसाठी यातलं काय घ्यायचं

आपल्याकडे मिशिगन सरोवर नाही, पण नवरंग आहे. हा पक्षी रात्री स्थलांतर करतो. मे अखेर-जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर तो दक्षिणेकडून कोकण, मुंबई, पुण्याकडे येतो, आणि त्या दिवसांत गॅलरीत किंवा जिन्यात गांगरून बसलेला नवरंग सापडल्याचं दरवर्षी ऐकू येतं. बागेला लागून काच असेल तर पाचू होला, तांबट, खंड्या हेही धडकतात.

गॅलरीच्या दोन मीटर उंच, एक मीटर रुंद काचेला पाच सेंटिमीटरच्या जाळीने साधारण ८०० ठिपके लागतात. पांढऱ्या ऑइल पेंट मार्करने, पट्टी धरून, हे एका दुपारचं काम आहे. पावसाळ्याआधी करावं आणि दिवाळीत तपासून घ्यावं. त्याहून स्वस्त म्हणजे तीन मिलिमीटर जाडीची गडद नायलॉनची दोरी. वर आडवी पट्टी ठोकून काचेच्या बाहेर दर दहा सेंटिमीटरला एक दोरी सोडायची. एका खिडकीला दहा दोऱ्या, गाठींसह २५ मीटर. खाली मोकळ्या सोडल्या तरी चालतं. वाऱ्यात हलल्याने बिघडत नाही, गुंता मात्र होऊ देऊ नये. डासांची जाळी काचेच्या बाहेर असेल तर तेवढ्या भागाला काही करायची गरज नाही. आपल्याकडच्या सरकत्या खिडक्यांत ती बहुधा आतल्या रुळावर असते, तिचा उपयोग नाही. मोठ्या इमारतीत सगळ्या मजल्यांना हात घालायचं कारण नाही. झाडांच्या शेंड्यांपर्यंतची काच, म्हणजे जमिनीपासून साधारण १६ मीटर, आधी घ्यावी.

धडकलेला पक्षी सापडला तर बुटाच्या खोक्यात मऊ कापड घालून ठेवावा, झाकणाला भोकं पाडून. खोकं शांत, अंधाऱ्या जागी. पाणी पाजू नये. शुद्ध हरपलेल्या पक्ष्याच्या ते श्वासनलिकेत जातं आणि वाचणारा पक्षी मरतो. तास-दोन तासांनी खोकं बाहेर, झाडाजवळ उघडावं, खोलीत नव्हे. उडाला नाही, मान वाकडी राहिली किंवा पंख लोंबत असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. डोक्याला मार लागलेला पक्षी नंतर, दूर कुठेतरीही मरतो. त्यामुळे ‘उडाला’ असं लिहावं, ‘वाचला’ असं नव्हे. मेलेला पक्षी किंवा त्याची पिसं घरी ठेवणं वन्यजीव कायद्यात बसत नाही. जमिनीवरच, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढावा आणि आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर ‘मृत’ अशी खूण करून टाकावा.

सोसायटीत दोघं-तिघं तयार असतील तर १५ मे ते ३० जून आणि १५ सप्टेंबर ते १५ नोव्हेंबर एवढ्या काळापुरती फेरी आखता येते. सूर्योदयानंतर अर्ध्या तासाच्या आत, भिंतीपासून दोन मीटरचा पट्टा, रोज त्याच दिशेने. झाडलोट करणाऱ्यांना आधी सांगून ठेवावं, नाहीतर मोजायला काही उरत नाही. वहीत सहा रकाने: तारीख, वेळ, कुठली भिंत, किती पक्षी आणि कुठले, रात्री त्या भिंतीला दिवे होते का, पाऊस-धुकं. काही सापडलं नाही तर चौथ्या रकान्यात शून्य लिहायचं, रकाना कोरा ठेवायचा नाही. कोऱ्या रकान्यावरून त्या दिवशी कुणी गेलंच नव्हतं की पक्षी नव्हता, हे नंतर कळत नाही. ठिपके लावायचे असतील तर निदान एक हंगाम आधी मोजून मग लावावेत, आणि दोन सारख्या भिंती असतील तर पहिल्या वर्षी एकीलाच.